वाटणीबाहेरचे यंत्र

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेल्या खारेपाटात, जेथे भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून पिढ्यानुपिढ्या मातीचे बांध घातले गेले, तेथे वारसा म्हणजे प्रायः विभाजनच. वडील निवर्तले की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावरची नावे वाढतात आणि खाचरे गुंठ्यागुंठ्याने वाटली जातात. आमच्या घराण्यातही यथाक्रम तेच घडले. वाटता आला नाही तो एकटा आजोबांचा ट्रॅक्टर.

तो इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी आणि व्होल्टासशी भागी करून १९६३ साली जी कंपनी काढली, तिच्या कांदिवलीच्या कारखान्यातला. चार सिलिंडरचा, सुमारे ३५ अश्वशक्तीचा. नोंदणीपुस्तकात जिल्हा 'कुलाबा' लिहिलेला आहे. रायगड हे नाव १९८१ नंतरचे. डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या खाचरांत असले धूड वळणेही दुरापास्त. परंतु खाडीकाठची सपाट, विस्तीर्ण शेते आणि पेंढ्यामिठाची वाहतूक पाहून आजोबांना ते परवडेल असे वाटले असावे. गावातल्या बैलांच्या कैवाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले होते म्हणतात. त्या कैवाऱ्यांचे सर्वस्वी चुकले असे मलाही म्हणवत नाही, कारण चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढायला अखेर बैलच जुंपावे लागत.

पुढे अनेक पावसाळे तो पडवीत उभा राहिला आणि खाऱ्या हवेने आपले काम निमूटपणे उरकले. इंजिन फिरेना. तेव्हा रोह्याहून एक वृद्ध मिस्त्री आणवले. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून १९२७ पासून सुटणारे पाणी कुंडलिकेस मिळते, त्यामुळे रोहा-कोलाडकडे उन्हाळी भाताचीही शेते आहेत, आणि तिथल्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती करण्यातच या गृहस्थांची हयात गेलेली. पुलीला पहार लावून त्यांनी एकवार अंदाज घेतला आणि म्हणाले, "मेलेला नाही, जाम झालाय. घाई केलीत तर मात्र मराल."

नोझल काढून त्यांनी सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतले आणि ते मुरू दिले. रोज पहार किंचित पुढे, किंचित मागे. आमच्यापैकी कोणी आवेशाने जोर केला की ते हात धरीत. एके सकाळी पुली बोटभर सरकली. टाकीच्या तळाशी काळा गाळ साचला होता. आत मूठभर खडी आणि रॉकेल घालून टाकी घुसळली, तेव्हा गंजाचे लालसर पाणी पडवीभर वाहिले.

खरी कसोटी डिझेलमधील हवा काढण्याची, कारण नळीत बुडबुडा राहिला तर नोझलला दाब मिळत नाही. आणि हे काम एकट्याने साधत नाही. एकाने हातपंप मारायचा, दुसऱ्याने फिल्टरचा नट सैल करायचा आणि फेसाऐवजी निर्भेळ डिझेल दिसताच तत्काळ आवळायचा. मिस्त्रींनी समोर उभ्या असलेल्या माझ्या दोघा चुलतभावांना ही कामे सोपविली. सामाईक बांध हातभर सरकल्याच्या वादावरून या उभयतांनी परस्परांशी बोलणे टाकले होते, याची मिस्त्रींना कल्पना नव्हती. असली तरी त्यांनी पर्वा केली नसती. नट आवळायला क्षणाचा विलंब झाला आणि डिझेल थोरल्याच्या सदऱ्यावर उडाले, तेव्हा तो उद्गारला, "अरे, आवळ ना!" धाकटा म्हणाला, "तू पंप थांबवू नकोस, दादा." एवढाच संवाद, पण तो बराच वेळ चालला, कारण हवा पुष्कळ होती.

हीटर तापवून चावी फिरविली. पहिल्यांदा पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग दुसरा, आणि अखेरीस चारही.

आता प्रश्न कागदाचा आहे. परिवहन कार्यालय पेणलाच असल्याने खेप जवळची. परंतु पुस्तक कोणा एकाच्या नावे करायचे तर इतर वारसांची संमती हवी, आणि त्या संमतिपत्राच्या मसुद्यावर अद्याप एकमत नाही. त्यामुळे दप्तरी मालक आजोबाच आहेत. यंदा चिखलणीला तो प्रथम कोणाच्या खाचरात उतरावा, हा वाद चालू आहे. ज्याचे शेत त्याचे डिझेल, हे एक कलम मात्र सर्वांनी विनातक्रार मान्य केले आहे.