साठा आणि वाटा

फ्रीजर विकत घेण्यास गेलेल्या गृहस्थाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘घरात माणसे किती?’ हा. चार माणसे असली तर इतके लिटर, सहा असली तर तितके, असा त्याचा हिशेब ठरलेला असतो, आणि दुकानदाराच्या दृष्टीने तो रास्तही आहे. आम्ही व्यवसायाने वकील. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो प्रश्नच योग्य आहे की नाही हे पाहण्याची आम्हांला खोड जडलेली आहे. या प्रश्नाचा जितका विचार करावा तितके आम्हांस वाटू लागते की, निदान आपल्या गोमंतकातील देवाधर्माच्या घरांपुरते तरी, माणसे मोजून फ्रीजरची जागा ठरत नाही. ती ठरते पंचांगावरून, शेजाऱ्यांवरून आणि दूरदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांवरून.

प्रथम आकड्यांचे पाहू. एकदारी फ्रीजमध्ये वरचा जो बर्फाचा कप्पा असतो त्यात सामान्यतः १५ ते २० लिटर जागा मिळते. बर्फाचे दोन साचे, खवलेल्या नारळाचा एक डबा आणि मटारची एक पिशवी ठेवली की कप्प्याचे दार लागेनासे होते. अडीचशे लिटरांच्या दोनदारी फ्रीजमध्ये हा कप्पा पन्नास-साठ लिटरांचा असतो. वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर शंभर लिटरांपासून तीनशे लिटरांपर्यंत, आणि त्याहूनही मोठा, मिळतो. पाश्चात्त्य गृहव्यवस्थेच्या पुस्तकांत माणशी दीड ते अडीच घनफूट जागा धरावी असे सांगतात. घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. तेव्हा चौघांच्या घरास १७० ते २८० लिटर हवेत. परंतु हे माप आठवड्यातून एकदा मोटारीने जाऊन सारा बाजार भरून आणणाऱ्या घरांचे. आपल्याकडे नुस्तें रोजचे रोज येते, भाजी रोजची रोज येते. या मापाने पाहिले तर आपल्याला फ्रीजरची गरजच कमी असावयास हवी. प्रत्यक्षात फोंड्यामडगावच्या दोन खोल्यांच्या सदनिकांतही डीप फ्रीजर येऊन बसला आहे, आणि तो रिकामा तर मुळीच नाही.

याचे कारण असे की साठ्याची विद्या आपल्याला फ्रीजरने शिकवलेली नाही. ती आपल्या घरी आधीपासूनच होती. पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडणे कठीण, समुद्र खवळलेला, वाटा चिखलाच्या. म्हणून मे महिन्यात पुरुमेंत भरण्याची आपली जुनी रीत. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला, आणि मडगावात त्या सुमारास भरणाऱ्या फेस्ताला लोक ‘पुरुमेंताचें फेस्त’च म्हणतात. फेस्त ख्रिस्ती बांधवांचे. पण तेथे मिरच्या, चिंच, आमसुले आणि खारे नुस्तें घेण्यास सारेच जात आले. घरी मिठात गरे पडत, चेपणीची तोरां भरली जात, आंब्याफणसाची साटां उन्हात वाळत, फणसाच्या बिया मातीत घोळून कोपऱ्यात रचल्या जात. ऊन, मीठ, तेल आणि राख एवढीच त्या साठ्याची यंत्रसामग्री होती. तिला विजेचे बिल येत नव्हते, आणि पावसाळ्यात वीज गेली म्हणून तिचे काही बिघडतही नव्हते.

आता या जुन्या पंचांगाला नवे पंचांग जोडले गेले आहे. माशांच्या विणीचा काळ म्हणून गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात इसवणीचे तुकडे आणि सोललेली सुंगटां फ्रीजरमध्ये जातात. ते संपतात न संपतात तोच श्रावण लागतो, आणि बहुतेक घरांत चतुर्थीचे गणपती पोहोचते होईपर्यंत सारे शिवराकच. म्हणजे बंदी उठून ताजे नुस्तें बाजारात येते ते नेमके आपण खात नाही तेव्हा! त्या दिवसांत फ्रीजर नारळ, मटार आणि आंब्याचा रस यांच्या ताब्यात जातो. डिसेंबरात परदेशातील मंडळी येतात तेव्हा तो पुन्हा फुगतो. एकाच घराला जूनमध्ये शंभर लिटर अपुरे पडतात आणि श्रावणात वीस लिटर पुष्कळ होतात. मग ‘घरात माणसे किती?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या महिन्याचे द्यावे?

जागा किती याहून ती कशी वापरावी हे जाणणे महत्त्वाचे. घरगुती फ्रीजर उणे १८ अंश सेल्सियसवर ठेवावा असा सर्वमान्य दंडक आहे. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत, पण सगळे मरतही नाहीत. ते नुसते निजतात. म्हणून एकदा वितळलेले नुस्तें पुन्हा गोठवू नये, आणि वितळवायचे तेही उघड्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गोठणे संथ झाले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फुटतात, आणि शिजवताना मासळीचा लगदा होतो. क्लॅरेन्स बर्डसाय नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढताक्षणी गोठणारे मासे पाहिले आणि शीघ्र गोठवणुकीचे तंत्र उभारले. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत असा माल विक्रीस आला. घरच्या यंत्रात तेवढी ताकद नसते. तेव्हा एका जेवणाला पुरतील एवढ्याच पातळ पिशव्या कराव्यात, त्या एकावर एक न रचता पसरून गोठवाव्यात, वर तारीख लिहावी. बांगडा, तारले अशी तेलकट मासळी दोनतीन महिन्यांत संपवावी. कमी तेलाची मासळी सहा महिने टिकते. वीज गेल्यास झाकण उघडू नये; भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला सुमारे एक दिवस थंडी धरून ठेवतो.

इथवरचे सारे कोणत्याही देशाच्या गृहिणीस लागू पडेल. आपल्या घरांत मात्र एक निराळाच वाद उपस्थित होतो. ज्या पेटीत नुस्तें, त्याच पेटीत देवाच्या पानावर जाणाऱ्या मणगण्याचा नारळ कसा ठेवावा? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे आणि रस गेलेले अन्न तामसी लोकांच्या आवडीचे म्हटले आहे. उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तुपातेलाने युक्त असे निर्दोष अन्न शिळे असले तरी खाण्यास सवलत आहे. कायद्याला परंतुक असावे तसेच हे, आणि आम्हांस ते फार आवडते. पण गोठवलेला कच्चा नारळ शिळा म्हणावा काय, हे कोणत्याच स्मृतिकाराला ठरवावे लागले नव्हते. आमच्या घरी हा निवाडा आमच्या मातोश्रींनी दिला, आणि त्यावर अपील नाही. कच्चे गोठवावे, शिजवलेले गोठवले तर ते माणसांपुरते. नारळाचा डबा वरच्या कप्प्यात, नुस्तें वेगळ्या यंत्रात आणि तेही स्वयंपाकघराबाहेर. आणि चतुर्थीच्या नैवेद्याचा नारळ त्या दिवशीच फोडलेला. पुष्कळ घरांत दोन यंत्रे दिसतात त्याचे मूळ या निवाड्यात आहे. विक्रेत्याला वाटते घर श्रीमंत झाले. वास्तविक घर फक्त सोवळे पाळत असते.

दोन यंत्रांचे आणखी एक कारण आम्हांस कोर्टाच्या कामात दिसले. हिंदू कायद्याच्या पुस्तकांत एकत्र कुटुंबाची खूण म्हणून अन्न, उपासना आणि मालमत्ता या तिन्हींचे ऐक्य सांगतात. मात्र नुसती चूल वेगळी झाली म्हणून वाटणी झाली असे न्यायालये मानत नाहीत. गोमंतकात आपला नागरी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा, वारसांच्या वाटपाची रीत निराळी. वाटपाच्या यादीत दागिन्यांपासून पलंगापर्यंत सर्व काही येते. एकदा अशाच एका कामासाठी एका जुन्या चौसोपी घरात आम्ही गेलो होतो. दोघे भाऊ. देवघर एक, पूजेची पाळी वर्षावर्षाने. मागच्या पडवीत दोन डीप फ्रीजर शेजारी शेजारी उभे होते, आणि दोन्हींना कुलपे होती. देवघराला कुलूप नव्हते. यादीत दोन्ही यंत्रे नोंदली गेली. आत काय होते ते कोणी विचारले नाही. आम्ही परतलो तेव्हा मालमत्तेच्या वाटणीपेक्षा त्या कुलपांचाच विचार मनात अधिक होता. चूल वेगळी झाली तरी वाटीभर सांबारे उंबरठा ओलांडून जाऊ शकते. कुलपातले तेवढेही जात नाही.

येथे या विषयाचे खरे मर्म आहे असे आम्हांस वाटते. पूर्वी फणस फोडला की त्याचे गरे पाच घरी जात. कुणाच्या हाती मोठी इसवण लागली तर तिचा वाटा शेजारी पोहोचे. त्या पिढीला आपण उदार म्हणतो, आणि ती होतीही. पण तिच्या औदार्याला एक मोठा आधार होता, तो म्हणजे वस्तू टिकत नसे. जे उद्या नासणार ते आज देण्यात शहाणपण आणि पुण्य एकाच ताटात मिळत. फ्रीजरने नासण्याची भीती काढून घेतली आणि देण्यातला शहाणपणाचा भाग नाहीसा झाला; उरले ते केवळ पुण्य. ते आता ज्याचे त्याने ठरवून करावे लागते. उरलेले गरे पिशवीत भरून आत सारणे अत्यंत सोपे, आणि ते आत आहेत हे विसरणे त्याहून सोपे. बर्फाने मढलेली, तारीख पुसलेली, आत काय आहे हे कुणालाच न सांगता येणारी पिशवी कोणत्या घरी नाही? ती नासलेली नसते, आणि कुणाच्या मुखीही पडलेली नसते.

तथापि सगळाच साठा लोभाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. आमचे धाकटे बंधू आखातात नोकरीस आहेत. मे महिन्यात घोटां पिकतात तेव्हा ते कधीच येथे नसतात, आणि आंब्याचे सासव हा त्यांचा जीव की प्राण. म्हणून मातोश्री दरवर्षी बारा-पंधरा घोटां एका डब्यात भरून आतल्या कोपऱ्यात ठेवतात. कुणी त्या डब्याला हात लावला की म्हणतात, “येवपी मनशाक दवरलां तें.” येणाऱ्या माणसाचे नाव त्या घेत नाहीत, नाव घेतल्याने येणे लांबते अशी त्यांची समजूत असावी. २०२० सालच्या डिसेंबरात बंधूंना येता आले नाही. डबा तसाच राहिला. पुढे जानेवारीत, रुग्णालयात परिचारिका असलेली शेजारची मुलगी कित्येक आठवड्यांनी घरी परतली, तेव्हा मातोश्रींनी तो डबा बाहेर काढला, सासव केले आणि पातेलेच्या पातेले शेजारी पाठवले. आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, “भावजींचे ना ते, आई?” त्या म्हणाल्या, “येवपी आयलें न्हय?”

त्या दिवसापासून फ्रीजरच्या जागेचे एक माप आमच्या मनाशी ठरून गेले आहे. आषाढी अमावास्येला, श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, आमच्या घरी यंत्र बंद करून सगळे बाहेर काढतात. बर्फ वितळवून आतून पुसून घेतात. जे नुस्तें उरले असेल ते त्या दिवशी शिजते, आणि घरच्यांना पुरून उरेल इतके असेल तर शेजारी जाते. संध्याकाळपर्यंत जे यंत्र रिकामे करता येत नाही ते त्या घराला मोठे झाले, मग घरात माणसे चार असोत की चौदा. एका दिवसात रिकामे होते, आणि तरीही ज्यात येणाऱ्या माणसाच्या डब्यापुरता एक कोपरा राखून ठेवता येतो, तेवढी जागा संसाराला पुरेशी आहे. आमच्या घरी ती दोन्ही यंत्रे मिळून दीडशे लिटरांच्या आसपास भरते. यंदा त्यातील नुस्त्याचा भाग अमावास्येच्या दुपारीच संपला. डबा कोपऱ्यात आहे.