बाबा, त्यांचे जोडीदार आणि एक इंग्रजी पिक्चर

परवा रात्री बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. एरवी मारामारीचा सिनेमा लागला की "असं काही नसतं रे" म्हणून उठून जातात. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांना 'सिंघम'ही झेपत नाही.

पिक्चरचं नाव 'एंड ऑफ वॉच'. २०१२ चा, दिग्दर्शक डेव्हिड आयर. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात गस्त घालणारे दोन तरुण पोलीस, ब्रायन आणि माईक. जेक जिलेनहाल आणि मायकल पेन्या. शूटिंगआधी हे दोघं काही महिने खऱ्या पोलिसांबरोबर गस्तीच्या गाडीत फिरले होते, ते दिसतं. ब्रायन सतत छोटा कॅमेरा लावून शूटिंग करत असतो. बाबा म्हणाले, "आमच्या साहेबांनी तो कॅमेरा आणि हा, दोघांनाही बाहेर काढलं असतं."

गोळीबार आहे, आग आहे, ड्रग्जवाली टोळी आहे. ती टोळी मला जरा भडकच वाटली. पण निम्मा पिक्चर गाडीत बसून नुसत्या गप्पा. बायको, सासुरवाडी, लग्न, एकमेकांची टिंगल. मला वाटलं बाबा कंटाळतील. तर म्हणाले, "हेच खरं आहे." नाईट राउंडला मोटरसायकलवर मागे बसलेला बोलत राहिला नाही, तर पहाटे तीनला पुढच्याचा डोळा लागतो. म्हणून बोलायचं. काहीही बोलायचं.

बाबांच्या मागे अकरा वर्षं एकच जोडीदार बसायचे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो, बाबा त्यांना बक्कल नंबरने हाक मारायचे.

(पिक्चर पाहायचा असेल तर इथून पुढे नंतर वाचा.)

शेवटी माईक मरतो, ब्रायन वाचतो. अंत्यविधीत तो बोलायला उभा राहतो आणि दोन शब्दांच्या पुढे जाऊ शकत नाही. तिकडे ड्यूटीवर मेलेल्या पोलिसाच्या नावापुढे जी तारीख लिहितात, तिलाच 'एंड ऑफ वॉच' म्हणतात. पाळी संपली, एवढाच साधा अर्थ.

काकांची पाळी २००४ च्या विसर्जनाला संपली. २९ तास बंदोबस्त झाला होता. रस्त्याच्या दुभाजकावर बसले ते उठलेच नाहीत. कागदावर आलं हृदयविकाराचा झटका, म्हणजे आजारपण. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचतात. बाबा त्या वर्षी परेडला उभे होते. काकांचं नाव आलं नाही. घरी येऊन बूटसुद्धा न काढता बसले होते, एवढं मला आठवतंय.

२०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. बातमी वाचून म्हणाले, "चांगलंय. आता गणपती येऊ देत, मग बघू." आपण मिरवणुकीत नाचतो तेव्हा दोरी धरून उभा असलेला माणूस किती तासांपासून उभा आहे, हे मीही कधी विचारलं नाही. पोलिसाचा मुलगा असून.

एक गोष्ट मात्र खटकली आणि मी ती बाबांना बोललो. हे दोघं फारच चांगले दाखवलेत. याच शहरात १९९१ साली पोलिसांनी रॉडनी किंगला रस्त्यावर झोडपलं होतं, त्याची टेप जगाने पाहिली. आयरनेच 'ट्रेनिंग डे' लिहिला, त्यात पोलीसच गुंड आहे. मी विचारलं, "सगळे ब्रायन-माईकसारखे असतात का?"

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नसतात. मी पण दरवेळी नव्हतो."

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, तुम्ही सांगा.

अंत्यविधीनंतर पिक्चर पुन्हा त्याच दिवसाकडे जातो. दोघं गाडीत, माईक एक अचरट किस्सा सांगतोय, ब्रायन हसून हसून बेजार. आणि संपतं. बाबांनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला. अंधारातच म्हणाले, "त्या रात्री तो मला सासऱ्याच्या म्हशीचा किस्सा सांगत होता. म्हैस विहिरीपर्यंत आली, आणि साहेबांची गाडी आली. मग राहिलाच."