शेजारचा विस्तव

माझी आजी सांगायची, की तिच्या तरुणपणी काडेपेटी ही जपून वापरायची वस्तू होती. रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि पहाटे फुंकर घालून ते पुन्हा फुलवायचे, ही घरोघरची रीत. एखाद्या पहाटे राख उकरावी आणि तळाशी एकही निखारा जिवंत नसावा, असेही होई. मग घरच्या सुनेने नारळाची करवंटी घेऊन शेजारच्या दारी जायचे आणि विस्तव मागायचा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. "आज तिची चूल विझली, उद्या माझी विझेल," असे आजी म्हणे. ज्यांचे परस्परांशी अगदीच फाटलेले असते, त्यांच्यातून विस्तव जात नाही, असे आपण मराठीत म्हणतो. त्या वाक्प्रचाराचे वजन मला आजीच्या या आठवणीमुळे कळले. विस्तवसुद्धा द्यायचा नाही, म्हणजे नाते संपलेच.

पवित्र शनिवारी रात्री नव्या अग्नीभोवती धर्मग्रामस्थ जमतात, तेव्हा मला दरवर्षी ती करवंटी आठवते. चर्चमधील सारे दिवे मालवलेले असतात. धर्मगुरू अग्नीला आशीर्वाद देतो. पास्कामेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतो, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे तिच्यात रोवतो आणि नव्या अग्नीवरून ती पेटवतो. मग ती एकटी ज्योत काळोख्या मंदिरात प्रवेश करते. वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो आणि तीनदा लोक देवाचे आभार मानतात. तिच्यावरून एक मेणबत्ती पेटते, त्या मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. त्यानंतर गायिल्या जाणाऱ्या पास्काच्या प्राचीन उद्घोषणेत, मूळ लॅटिन रचनेत, मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचाही गौरव आहे आणि ही ज्योत कितीही वाटली तरी उणी होत नाही, असे त्यात सांगितले आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण हे सत्य तिला चुलीपाशी ठाऊक झाले होते.

हा रात्रीचा विधी कित्येक शतके शनिवारी सकाळीच पार पाडला जात असे, हे मात्र मला सेमिनरीत गेल्यावर समजले. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली तो प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री साजरा करण्यास अनुमती दिली आणि १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या उपासनेची सुधारणा जाहीर केली. १९५६पासून हा विधी रीतसर आपल्या मूळ स्थानी, म्हणजे रात्रीच्या कुशीत, परत आला. आजीच्या बोलण्यात शनिवारी सकाळी वाजणाऱ्या ग्लोरियाच्या घंटा का येत, याचा उलगडा मला तेव्हा झाला. आम्हाला उपासनाशास्त्र शिकवणारे वृद्ध धर्मगुरू म्हणाले होते, "भर दिवसा लावलेला दिवा शोभेचा असतो. काळोखात लावलेला दिवा गरजेचा असतो. ख्रिस्त आपल्याला शोभेसाठी हवा आहे की गरजेसाठी, हा प्रश्न या रात्री विचारला जातो."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि परीक्षेतही लिहिले. ते समजायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

गुरुदीक्षेनंतर दुसऱ्याच वर्षी मी समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. वस्ती बहुतांशी कोळी बांधवांची. पास्काविधीच्या रात्री खारा वारा सुटला होता. अग्नी पेटला, पण पास्कामेणबत्तीची ज्योत काही केल्या टिकेना. एकदा विझली, दोनदा विझली. तिसऱ्यांदा चर्चच्या उंबरठ्यावर विझली. आत शेकडो माणसे काळोखात उभी होती, मुले चुळबुळ करू लागली होती आणि मला घाम फुटला होता. मी खुणेनेच विजेचे दिवे लावायला सांगितले. क्षणात चर्च झगझगीत उजळले. विधी पुढे सरकला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मिस्सा संपल्यावर एक वयोवृद्ध कोळी गृहस्थ माझ्याजवळ आले. उभा जन्म दर्यावर काढलेला माणूस. म्हणाले, "फादर, घाई केलीत. रात्री होडीवरच मोठा उजेड केला, तर किनाऱ्यावरचा दिवा दिसत नाही. आम्ही थांबलो असतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण माझ्या मनाला ते लागले. मी लोकांचा काळोख घालवू पाहत होतो, असे मला वाटत होते. खरे पाहता मी माझी अस्वस्थता घालवत होतो. लोक थांबायला तयार होते. थांबता येत नव्हते ते मला.

पुढे २०२० साल आले. मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षीच्या पवित्र सप्ताहासाठी रोमहून २५ मार्च रोजी जे आदेश निघाले, त्यांत पास्काविधीविषयी स्पष्ट सूचना होती: नवा अग्नी पेटवायचा नाही, मिरवणूक काढायची नाही, केवळ पास्कामेणबत्ती लावून उद्घोषणा करायची. ११ एप्रिलच्या रात्री मी रिकाम्या चर्चमध्ये ती मेणबत्ती लावली. समोर बाकांच्या रांगा आणि एक मोबाइल फोन. ज्योत घ्यायला एकही हात पुढे आला नाही. त्या रात्री मला प्रथमच जाणवले, की या विधीतील प्रकाश धर्मगुरूच्या हातात पुरा होत नाही. तो घेणारा कोणीतरी असावा लागतो.

२०२१चा ईस्टर ४ एप्रिलला होता. राज्यात रात्रीची संचारबंदी असल्यामुळे आम्ही शनिवारचा विधी दिवस मावळण्यापूर्वीच मोजक्या लोकांसह केला. आजीच्या काळातला शनिवार परत आल्यासारखे वाटले. जमलेल्यांनी शेवटी अंतर राखून एकेकाने पास्कामेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवली आणि ती घरी नेली. दोन दिवसांत प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. त्याच आठवड्यात मला ताप आला आणि मी धर्मगुरुनिवासातील माझ्या खोलीत एकटा पडलो. आणि मी तिथे असतानाच माझा धाकटा भाऊ इस्पितळात वारला.

मोजक्या माणसांनी अंगभर प्लास्टिकचे पोशाख चढवून त्याला मातीआड केले. मी जाऊ शकलो नाही. पास्कामेणबत्तीची उपासनेत दोन खास कामे असतात. स्नानसंस्काराच्या वेळी तिच्यावरून बाळाची मेणबत्ती पेटवतात आणि अंत्यविधीच्या वेळी तिला पेटीजवळ ठेवतात. माणसाचा पहिला आणि शेवटचा प्रवास एकाच ज्योतीच्या सोबतीने व्हावा, असा त्यामागचा भाव आहे. कित्येकांच्या पेटीजवळ मी ती मेणबत्ती स्वतःच्या हाताने ठेवली होती. माझ्या भावाच्या वेळी ती माझ्या खोलीपासून पन्नास पावलांवर, कुलूपबंद चर्चमध्ये, न पेटवलेली उभी होती.

पुढचे दिवस मी कसे काढले, ते या अंकाच्या वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. नित्यप्रार्थनेचे पुस्तक मी उघडत असे आणि मिटत असे. पुनरुत्थानावरचा उपदेश मला तोंडपाठ होता. तो माझ्याच काही उपयोगी पडत नव्हता. मी देवावर रागावलो होतो असेही नाही. चुलीतली राख उकरून पाहावी आणि बोटांना नुसता गारवा लागावा, तसे झाले होते. संध्याकाळ झाली तरी मी दिवा लावीत नसे.

धर्मगुरुनिवासाच्या मागच्या वाडीत एक विधवा मावशी राहतात. त्या रोज संध्याकाळी पायरीवर पेजेचे भांडे ठेवून जात. आदल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले, तेव्हा मी त्यांना सार्वकालिक जीवनाविषयी बरेच काही ऐकवले होते. एका संध्याकाळी भांडे ठेवून त्या खिडकीकडे पाहत थांबल्या.

"फादर, आज दिवा का लावला नाही?"

"लावावासा वाटला नाही, मावशी."

त्या काही न बोलता निघून गेल्या. पाव तासाने पुन्हा आल्या. वारा लागू नये म्हणून करवंटीत बसवलेला मेणबत्तीचा एक तुकडा त्यांच्या हातात जळत होता.

"शनिवारी तुमच्याकडून पेटवून नेली होती. थोडी उरलीय," असे म्हणून त्यांनी ती करवंटी पायरीवर ठेवली. मग दहा-बारा पावले मागे सरून, चिंचेखाली उभ्या राहून, त्यांनी रोजरीला सुरुवात केली. त्यांनी मला काहीही ऐकवले नाही.

सेमिनरीत घडलेले माझे मन अशा वेळीही शंका काढतेच. शनिवारची ज्योत शनिवारीच विझली असणार. ही मावशींनी घरी काडी ओढून पेटवली असणार. पण तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, पायरीवरची ज्योत आडवी झाली आणि मी नकळत दार उघडून बाहेर आलो व तिच्याभोवती ओंजळ धरली. कित्येक दिवसांत मी माझ्या दुःखाव्यतिरिक्त अन्य कशाची काळजी केली, ती ही पहिली गोष्ट. चिंचेखालून मावशींचा आवाज येत होता. त्यांचा अर्धा मंत्र संपला, की पुढचा अर्धा कोणीतरी म्हणायला हवा होता. मी तो म्हटला.

माझे दुःख त्या संध्याकाळी गेले नाही. अजूनही भावाचे नाव घेताना आवाज अडखळतो. परंतु काळोख संपल्यावर आशा येते, अशी जी माझी समजूत होती, ती त्या पायरीवर गळून पडली. आशा काळोखातच येते, आणि बहुधा दुसऱ्याच्या हातून येते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रिक स्त्री जेरुसलेमला गेली होती. तेथील दररोजच्या सायंप्रार्थनेचे तिने केलेले वर्णन उपलब्ध आहे. प्रभूच्या कबरीवर बांधलेल्या मंदिरात सायंकाळी सारे दिवे व मेणबत्त्या लावल्या जात. त्यांसाठीचा विस्तव बाहेरून आणत नसत, असे ती आवर्जून नोंदवते. कबरीच्या गुहेत रात्रंदिवस एक दिवा तेवत असे आणि तेथून ज्योत बाहेर आणली जाई. सेमिनरीत असताना हा मजकूर मी इतिहास म्हणून वाचला होता. आता त्याचा अर्थ मला वेगळा लागतो. ख्रिस्तसभेचा प्रकाश कबर टाळून आलेला नाही. तो कबरीच्या आतून आलेला आहे. म्हणून ज्याने आपले माणूस मातीत ठेवले आहे, तो हा प्रकाश आपल्याहून अधिक जवळून पाहू शकतो. मावशी मला देऊ शकल्या, त्या याच कारणाने.

तेव्हापासून मी पास्काविधीत एक बदल केला आहे. चर्चच्या दाराशी मी थोडा अधिक वेळ थांबतो. मुले चुळबुळ करतात, कोणीतरी खोकते, कोणीतरी घड्याळ पाहते. मी त्या वृद्ध कोळी बांधवांचे स्मरण करतो आणि काळोखाला त्याचा वेळ देतो. त्या काळोखात कोणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कोणाचा मुलगा दारूत बुडालेला असतो, कोणा दोन भावांत जमिनीवरून विस्तव जात नसतो. ते सारे तेथे उभे असते. मग मी माझी मेणबत्ती पास्कामेणबत्तीवरून लावीत नाही. पहिल्या बाकावरच्या कोणाची तरी पेटली, की तिच्यापुढे माझी धरतो आणि मागून घेतो.

वाचकहो, पुढच्या पास्काविधीनंतर हातातला मेणबत्तीचा तुकडा चर्चच्या पेटीत टाकून येऊ नका. घरी न्या. आणि वाडीतल्या एखाद्या घरात संध्याकाळी दिवा लागलेला दिसला नाही, तर तो तुकडा करवंटीत ठेवून त्या पायरीपर्यंत जा. फार बोलू नका. आणि आपलीच चूल विझली असेल, तर करवंटी घेऊन शेजारच्या दारी जायला लाजू नका. माझी आजी सांगायची तेच खरे: आज तिची विझली, उद्या माझी विझेल.