हातचें राखून

गेल्या नाताळच्या सुट्टींतील गोष्ट. संध्याकाळची प्रार्थना व जेवणें आटोपल्यावर माझा नववींत शिकणारा मुलगा संगणकापुढें बसून एक खेळ खेळत असे. अशा खेळांविषयीं माझें मत फारसें अनुकूल नव्हतें. परंतु न पाहतां दोष देणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून एके रात्रीं मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारीं बसलों. पुढें चार रात्री मी ती खुर्ची सोडली नाहीं, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें.

त्या खेळाचें नांव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर व ब्रूस शेली या दोघांनीं तो प्रथम १९९१ सालीं रचिला. आमच्या घरीं आहे ती २००५ सालची चौथी आवृत्ति. खेळणारानें एका राष्ट्राचें आधिपत्य घ्यावयाचें आणि ख्रिस्तपूर्व ४००० पासून आरंभ करून आपल्या लोकांस आधुनिक काळापर्यंत आणावयाचें. वाटेंत चाक, लेखन, लोखंडकाम, होकायंत्र, मुद्रणकला अशा विद्या एकामागून एक संपादाव्या लागतात. प्रत्येक विद्या स्वतः शोधून काढावयाची तर काळ व द्रव्य फार खर्ची पडतें. म्हणून राष्ट्रें आपसांत देवघेव करितात. आम्ही तुम्हांस लेखन देतों, तुम्ही आम्हांस लोखंडकाम द्या, असा हा व्यवहार. दोघांपैकीं एकास तरी वर्णमाला अवगत झाल्यावांचून तो सुरू होत नाहीं. ही योजना मला मनापासून आवडली. ज्ञानाच्या व्यापारास आधीं अक्षरओळख पाहिजे, हें शाळामास्तरास कां न आवडावें ?

माझ्या मुलानें अशोकाचें राज्य घेतलें होतें. शेजारीं मालीचा राजा मानसा मूसा होता. योग्य मोबदला दिसला कीं तो विद्या देण्यास सहसा मागेंपुढें पाहत नसे. पलीकडे जपानचा तोकुगावा होता. तो बहुधा दार लावूनच बसलेला. बाकीचे राजे स्नेह पाहून देत. परंतु एकाद्यानें इतरांकडून पुष्कळ विद्या मिळविल्या, कीं हा आतां फार पुढें जाईल अशी भीति बोलून दाखवून तेही हात आंखडता घेत. चतुर खेळाडू मात्र दलाली करितात. एकाकडून विद्या घ्यावयाची आणि त्याच दिवशीं ती तिघांस विकून तीन नव्या विद्या पदरांत पाडावयाच्या ! ही दलाली ज्यांस नको असेल त्यांच्यासाठीं २००७ सालच्या पुरवणींत एक निर्बंध ठेवण्यांत आला : ज्यानें जी विद्या स्वतः शोधिली असेल, तीच त्यानें दुसऱ्यास द्यावी.

हें सर्व पाहतां पाहतां मीं मुलास विचारिलें, "अरे, गहूं दिला तर कोठारांतला गहूं कमी होतो. लेखन दिलें तर आपलें लेखन कोठें जातें ? मग इतकी घासाघीस कशासाठीं ?"

पडद्यावरची नजर न काढतां तो म्हणाला, "पप्पा, विद्या आपलीच राहते, आपली आघाडी जाते ना!"

मी निरुत्तर झालों. त्याचें उत्तर मला नवें नव्हतें, म्हणून निरुत्तर झालों. तेंच उत्तर मीं एकदां मनांतल्या मनांत दिलेलें होतें.

वीस वर्षांपूर्वीं मी पदवी घेऊन एका शाळेंत नुकताच रुजू झालों होतों. दहावीच्या दोन तुकड्या होत्या. एकीस गणित मी शिकवीत असें. दुसरीस माझ्याहूनही नवे असलेले एक गृहस्थ. कोणतें प्रमेय मुलांस कोठें अडतें आणि कोणत्या आकृतीनें तें सुटतें, याचें टांचण मीं पुष्कळ रात्री जागून एका जाड वहींत केलें होतें. एके दिवशीं त्या गृहस्थांनीं संकोचानें ती वही दोन दिवसांकरितां मागितली. "अजून पुरी झालेली नाहीं," असें मीं सांगितलें. वही पुरी झालेली होती.

निकाल लागला. माझी तुकडी वर आली व माझें कौतुक झालें. दुसऱ्या तुकडींतील कित्येक मुलें गणितांत अनुत्तीर्ण झालीं. त्यांतील एका मुलीची आई शाळेच्या फाटकाशीं गुणपत्रिका हातांत धरून उभी होती. तिला ओलांडून मी घरीं गेलों. पुढें अभ्यासक्रम बदलला आणि ती वही ट्रंकेंत पडून राहिली. एका पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली, तों वाळवीनें तिचा चुरा केलेला. धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत मीं रविवारच्या शाळेंत कितीदां तरी समजावून सांगितला आहे. त्या दिवशीं तो मला समजला.

तथापि, खेळांत एक गोष्ट फार सोपी केलेली आहे. मुद्रणकला घेण्याचें ठरलें कीं कळ दाबतांच ती आपली होते. आपल्या मुंबईचा अनुभव निराळा आहे. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनीं ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली; तेव्हां हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक १६७४ सालीं मुंबईस आला. परंतु आपल्या लिपीचे खिळे पाडण्याची कला त्यास येत नव्हती. यंत्र आलें, माणूस आला, विद्या कांहीं हातीं लागली नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मिशनच्या मुंबईंतील छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं जावजी दादाजी हा मराठी मुलगा खिळ्यांचें काम शिकला, आणि १८६९ सालीं त्यानेंच निर्णयसागर छापखाना काढिला. हा कांहीं एका दिवसाचा सौदा नव्हे. एकानें दाखवावें, दुसऱ्यानें करावें, चुकावें व पुन्हां करावें, असें तें वर्षांचें काम होतें.

म्हणून आतां मला वाटतें कीं, ती वही दिली असती तरी माझें कर्तव्य अर्धेंच झालें असतें. त्या गृहस्थांच्या शेजारीं मला बसावयास पाहिजे होतें.

या खेळाच्या २०१० सालच्या पांचव्या आवृत्तींत विद्येची ही खरेदी-विक्री काढूनच टाकिली. तिच्या जागीं दोन राष्ट्रांनीं द्रव्य घालून संशोधनाचा करार करावयाचा. नेमलेला काळ शांततेनें गेला तर लाभ दोघांस. मध्यें युद्ध पेटलें तर करार बुडाला.

विद्यार्थिमित्रहो, खेळांत एकच राष्ट्र जिंकतें, म्हणून तेथें आघाडी जपणें समजण्यासारखें आहे. परीक्षेंत तसें नाहीं. शेजारचा मुलगा उत्तीर्ण झाला म्हणून तुमचा एक गुणही कमी होत नाहीं. तुमची वही कोणीं मागितली तर ती अवश्य द्या, आणि ती देऊन उठून जाऊं नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा. पालकांसही माझी नम्र विनंती आहे कीं, मूल घरीं आल्यावर 'तुला किती गुण मिळाले ?' असें जरूर विचारावें. पण त्याबरोबर 'आज तूं कोणास काय समजावून दिलेंस?' हेंही विचारीत जावें. मला लहानपणीं तें कोणीं विचारिलें असतें, तर एका तुकडीचें नुकसान कदाचित् टळलें असतें.