हो की नाही, बाबा?

बीए फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला एक माणूस लागतो. मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये त्याला ‘प्रयुज्य’ म्हणतात. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. होस्टेलच्या पोरी एकमेकींना प्रयुज्य करून एका दुपारीत मोकळ्या झाल्या. मी मात्र दिवाळीला अकोल्याला जाताना प्रश्नावलीची झेरॉक्स बॅगेत टाकली, कारण मला बाबांचा स्कोअर काढायचा होता.

बाबा एसटीत कंडक्टर. घरी दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतात, त्यातली चार जेवणाबद्दल. मी दोनदा नीट दिली, दोनदा ती नीट गेली नाही, मग अमरावतीला आर्ट्सला ॲडमिशन घेतली. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. फॉर्मवर सही केली, पेन खिशाला लावलं आणि ड्यूटीवर गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजी म्हणाली, “तो पयलेपासूनच घुमा हाय. स्वभावाले औषध नाही.”

तर चाचणी होती अंतर्मुख की बहिर्मुख याची. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

“अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?”

“कुठी?”

“कुठी म्हणजे?”

“बोल्याचं कुठी?”

“कुठेही, बाबा. सर्वसाधारणपणे.”

‘सर्वसाधारणपणे’ ऐकून बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं कुणी त्यांच्याकडे अशा गावाचं तिकीट मागितलंय, जे त्यांच्या रूटवरच नाही. पुढच्या प्रश्नालाही “कुठी?” त्याच्या पुढच्यालाही. सहाव्या प्रश्नाला त्यांचा डोळा लागला. उरलेली प्रश्नावली मी माझ्या मनानेच भरली. निकाल : ठळकपणे अंतर्मुख. सरांनी लाल पेनने ‘उत्तम’ लिहिलं.

त्या वर्षी मी बाबांना एकेक सिद्धांत घालून बघत होते, दिवाळीला शर्ट अंगाला लावून बघतात तसा. फ्रॉइड शिकवला त्या आठवड्यात बाबांचा पराहम् फार कडक निघाला. ॲडलर आला तेव्हा न्यूनगंड. आपण हा शब्द इतका सहज वापरतो, की तो व्हिएन्नाच्या एका डॉक्टरकडून आलाय हे वर्गात कळल्यावर मला धक्का बसला होता. युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख या जोडीवर पुस्तक लिहिलं. ते तर मी आधीच वापरून झाले होते. मॅस्लोचा पिरॅमिड मात्र बाबांना बसला नाही, आणि खरं तर अमरावतीत तो कुणालाच नीट बसू नये. खाली अन्नपाणी, वर सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि शेंड्यावर आत्मसिद्धी. आमचं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, त्या गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा अशी जवळजवळ तीच यादी लोकांना सांगितली. पण स्वतः खराटा आणि गाडगं घेऊन पिरॅमिडच्या तळाशीच राहिले आणि तिथूनच शेंड्यावर पोचले. हे मी पेपरात लिहिलं. एक मार्क कापला गेला.

सगळ्यात मजा आली ऑलपोर्टची. त्याने आणि ऑडबर्टने १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. पुढे कॅटलने गाळून-गाळून त्यातून सोळा गुणविशेष उरवले. मी आजीला बसवून वऱ्हाडी यादी केली : घुमा, भैताड, बह्याड, चिकट, हेकट, बेरकी, लागट, कुढ्या, मनकवडा, आगाऊ, भिडस्त. तासाभरात साठ झाले, बहुतेक नातेवाइकांची नावं घेत-घेत. बाबांच्या नावापुढे एकच शब्द राहिला, घुमा.

मग १७ मार्च २०२३ ला बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. तोवर मी बडनेऱ्याहून ट्रेननेच जायचे. आता स्वस्त म्हणून शनिवारी अमरावतीच्या स्टँडवरून अकोल्याची गाडी धरली आणि दारात बाबा उभे. त्यांची ड्यूटी बदलून या रूटवर आल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

गाडी बायकांनी गच्च भरलेली. बाबा मशीन घेऊन रांगेतून आले, माझ्यापाशी थांबले आणि सवयीने म्हणाले, “कुठी?”

मी म्हटलं, “घरी.” शेजारची बाई हसली. बाबाही हसले. अर्धं तिकीट फाडून हातात दिलं.

पुढचे शंभर किलोमीटर मी दुसराच माणूस बघत होते. एका म्हाताऱ्याला ते म्हणाले, “आबाजी, जपून, तुमच्यावरच सरकारचं सगळं लक्ष हाय.” अमरावती-अकोला रस्त्याने २०२२ च्या जूनमध्ये गिनीजचा विक्रम केला, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत. तो किस्सा बाबांनी मूर्तिजापूर यायच्या आत तीन वेगवेगळ्या सीटना सांगितला, दर वेळी थोडा वाढवून. लोक हसत होते. मी खिडकीबाहेर बघत माझ्या जर्नलमधला लाल ‘उत्तम’ आठवत होते.

मूर्तिजापूरला एक रोजची बाई चढली, दह्याचा डबा घेऊन. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “कंडक्टरभाऊची पोट्टी तूच काय व? चेहरा तोच हाय. डॉक्टरीन होऊन रायली ना तू अमरावतीले?”

बाबा तीन सीटवर सुटे पैसे मोजत होते. मोजायचे थांबले.

“माह्या गुडघा लय दुखते, माय. काय करू?”

मी काय बोलायला हवं होतं, ते मला आजही माहीत आहे. मी म्हटलं, “गरम पाण्याने शेका.”

बोरगाव मंजू गेलं, अकोला आलं. स्टँडवरून घरापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

दोन दिवस मी रागाने सिद्धांत काढत बसले. हा फ्रॉइडचा नकार. हा ॲडलरचा न्यूनगंड. रॉजर्स म्हणतो, माणूस आहे तसा ‘स्व’ आणि हवा असलेला ‘स्व’ यांत अंतर पडलं की त्रास होतो. इथे तर बाबांच्या मनात हवी असलेली मुलगी रोज त्या गाडीतून प्रवास करत होती आणि मी होस्टेलवर. सगळं बसत होतं. फक्त माझं ‘शेका’ कशात बसवायचं, ते सापडेना.

सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी वॉल्टर मिशेल वीस मिनिटांत उरकला, दोन मार्कांचा म्हणून. मिशेलने १९६८ मध्ये दाखवलं की चाचणीतला गुणविशेष आणि माणसाचं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध बहुतेक वेळा ०.३० च्या आसपासच अडकतो. पुढे १९९५ मध्ये शोडा आणि त्याने मांडलं की माणूस सगळीकडे सारखा नसतो. अशा जागी असा, तशा जागी तसा, आणि ही जोडणी मात्र त्याची स्वतःची, बरीचशी टिकणारी. वर्गात कुणी हे लिहून घेतलं नाही. मी वहीच्या मार्जिनमध्ये लिहिलं : कुठी?

मे महिन्यात मी नवी झेरॉक्स काढली आणि उत्तरांना दोन रकाने आखले : घरी, गाडीत. बाबा कूलरसमोर बनियनवर बसले होते. या वेळी भराभर उत्तरं आली. अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं? गाडीत हो, घरी अनोळखी येतंच कोण. चार लोकांत गप्प असता? घरी हो.

“घरी का?” हा प्रश्न चाचणीत नव्हता.

“घरी काही चुकलं तं राहून जाते,” ते म्हणाले. “गाडीतलं माणूस उतरून जाते.”

आयझेंकच्या प्रश्नावलीत काही प्रश्न खोटेपणा मोजायला घातलेले असतात. प्रामाणिक माणूस ज्याला ‘हो’ म्हणूच शकत नाही, असे. आमच्या झेरॉक्समध्येही तसा एक होता.

“तुम्ही कधीच कुणाशी खोटं बोलला नाहीत, असं आहे का?”

कूलरचा पंप घरघरत होता. बाबांनी टॉवेलने मान पुसली, पुन्हा पुसली.

“गाडीत बोललो,” ते म्हणाले. मी त्या रकान्यात खूण केली.

“मीही,” मी म्हटलं.

“थे बाई रोज शेकते,” बाबा म्हणाले. “फरक हाय म्हणते. मले रोज इचारते, तुमची डॉक्टरीन कधी येते. तिले आता कोन सांगनार?”

सोमवारी त्यांची अमरावतीची ड्यूटी होती. माझं कॉलेज उघडायला अजून महिना होता. मी म्हटलं, येते मी.