भीतीची मौज

भीती वाटावी म्हणून मनुष्य पदरचे पैसे खर्च करतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी मोठी चमत्कारिक वाटते. साप दिसला तर आपण दहा पावले मागे सरतो, काळोख्या जिन्यात खुट्ट झाले तर आपल्या छातीत धस्स होते. आणि तरीही ज्या दारावर कवटी रंगविलेली असते त्याच दारापुढे आपण रांग लावून उभे राहतो! ह्या विसंगतीचा विचार करण्याचा प्रसंग मजवर गेल्या ऑक्टोबर महिन्यात आला, आणि तो आणला माझ्या भाच्याने.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. सुट्टीसाठी माझी धाकटी बहीण मुलांसह विलेपार्ल्यास आमच्या घरी आली होती. भाचा नववीत, भाची सात वर्षांची. हॅलोविनच्या निमित्ताने एका करमणुकीच्या उद्यानात भुतांचा खेळ व्हावयाचा होता, आणि त्यास सर्वांनी मिळून जावे असा भाच्याचा आग्रह होता. तथापि त्याची एक तक्रारही होती.

"मामा, गेल्या वर्षी तो खेळ अगदीच पुचाट होता," तो म्हणाला. "बारकी बारकी पोरेसुद्धा भुतांकडे पाहून हसत होती. भूत म्हणजे कसे भयंकर पाहिजे! जितके भयंकर तितके चांगले."

"आणि ह्या धाकटीने काय करायचे?" बहीण म्हणाली. "ते उद्यान सगळ्या कुटुंबासाठी आहे ना? मग तिला बाहेर बाकावर बसवून ठेवायचे का?"

"मामा, तूच निकाल दे," भाचा म्हणाला.

बहिणीने मजकडे एकवार पाहिले आणि ती गप्प राहिली. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. भाच्यास तो कळण्याजोगा नव्हता. निकाल दुसऱ्या दिवशी सांगेन, असे म्हणून मी वेळ मारून नेली.

हॅलोविन हा शब्द आमच्या लहानपणी आमच्या कानी पडला नव्हता. परंतु ज्या दिवसांपासून तो निघाला ते दिवस आम्हांस ठाऊक होते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती बांधवांचा सर्व संतांचा सण, आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. सणाची आदली रात्र, म्हणजे ३१ ऑक्टोबर, तिलाच इंग्रजीत हॅलोविन म्हणतात. शाळेतले माझे ख्रिस्ती मित्र २ तारखेस आईबापांबरोबर दफनभूमीत जात, आजोबांच्या थडग्यावर फुले ठेवीत आणि मेणबत्त्या लावीत. आमच्या घरी त्यापूर्वी काही आठवडे सर्वपित्री अमावास्येस पितरांसाठी पान वाढले जाई. गेलेल्या माणसांविषयी वाटणारे भय आणि त्यांच्याविषयी वाटणारी माया ही दोन्ही ह्या दिवसांत एकमेकांचा हात धरून येतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडे लोक ह्या रात्री सलगम कोरून त्यात दिवे ठेवीत; तेच लोक अमेरिकेत गेले तेव्हा सलगमाची जागा भोपळ्याने घेतली, आणि पुढे त्या भोपळ्याच्या मागोमाग व्यापारही आला.

त्या व्यापाराची हकिकत मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म ह्या उद्यानाने १९७३ सालच्या ऑक्टोबरात तीन रात्री भुतांचा खेळ करून पाहिला. तो इतका लोकप्रिय झाला की पुढे इतर उद्यानांनीही तोच मार्ग धरला. फ्लॉरिडातील ऑरलँडो येथे युनिव्हर्सलच्या उद्यानाने १९९१ साली आपल्या भयरात्री सुरू केल्या, आणि तेरा वर्षांखालील मुलांसाठी हा खेळ योग्य नाही असे ते उद्यान उघड सांगते. त्याच परिसरातील डिस्नेच्या उद्यानाने १९९५ साली नेमका उलटा मार्ग धरला. त्याच्या हॅलोविन मेजवानीच्या नावातच 'फारशी भयंकर नसलेली' अशा अर्थाचे शब्द आहेत. दोन्हींकडे गर्दी लोटते. आपल्याकडेही ही हौस नवी नव्हे. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, जे १९८९ साली सुरू झाले आणि आता बंद आहे, 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' नावाचे भीतिगृह होते. आणि खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकात सलीमगढ नावाचा भुताटकीचा किल्लाच उभारण्यात आला.

तेव्हा भाच्याचे म्हणणे पोरकट म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटेना. चौदा वर्षांच्या मुलास आपल्या धैर्याची परीक्षा पाहावीशी वाटते, आणि ती कोठेतरी झालेली बरी. रेल्वेच्या दारात लोंबकळून ती पाहण्यापेक्षा कापडी भुतापुढे पाहिलेली हजारपट बरी! मात्र 'जितके भयंकर तितके चांगले' हे त्याचे सूत्र खरे नव्हे. डेन्मार्कमधील संशोधकांनी तेथील एका भीतिगृहात गेलेल्या ११० पाहुण्यांच्या हृदयाचे ठोके यंत्राने मोजले, आणि खेळ कितपत आवडला हेही त्यांस विचारले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा की, भीती फार थोडी असली तर मौज नाही आणि फार झाली तरीही मौज नाही; मौज मधल्या एका टप्प्यावर आहे. मीठ जेवणास हवे, पण म्हणून कोणी मूठभर मीठ पानात वाढून घेत नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलास जे चिमूटभर, ते सात वर्षांच्या मुलीस मूठभर होते, ही अडचण आहेच.

ही गोष्ट आमच्या कोकणातील माणसांस यंत्रांवाचून ठाऊक होती. आमचे आजोळ गुहागरकडचे. शिमग्यात तेथे खेळे येत, आणि त्यांच्याबरोबर संकासुर येई. अंगात काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा! वेद चोरणारा आणि मत्स्यावतारी विष्णूच्या हातून मारला गेलेला शंखासुर तो हाच. लांबून घुंगरांचा आवाज आला की आम्ही मुले वाट फुटेल तिकडे पळत असू, आणि संकासुर आमच्या पाठीस लागे. माझी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. ती आजीच्या पदराआड लपून एका डोळ्याने त्याच्याकडे पाही, किंचाळे, आणि पुन्हा पाही. तो फार जवळ आला तर आजी नुसता हात वर करी, आणि एवढा मोठा असुर मुकाट्याने मागे फिरे! नाच संपल्यावर तोच टोपी काढून पायरीवर पाणी पीत बसलेला दिसे, आणि तो वरच्या वाडीतला काका आहे हे पाहून बहीण हसत सुटे. दुसऱ्या दिवशी तीच विचारी, "संकासुर परत केव्हा येणार?"

त्यानंतर दोन वर्षांनी जे घडले, त्याची आठवण बहिणीच्या त्या पाहण्यात होती. आता मला ते सांगितले पाहिजे.

मी दहा वर्षांचा होतो आणि ती सहा. उपनगरातील एका जत्रेत भुताचा तंबू आला होता. मला आत जावयाचे होते, परंतु एकट्याने जाण्याचे धैर्य नव्हते. म्हणून मी तिला बरोबर घेतले. "मी हात सोडणार नाही," असे वचन दिले. आईबाबा पाळण्यापाशी कोणाशी बोलत होते. त्यांस आम्ही विचारले नाही. आत काळ्या पडद्यांची अरुंद वाट होती, हिरवे दिवे होते, आणि कोठून तरी कण्हण्याचा आवाज येत होता. चार पावलांवरच बहीण रडू लागली. तिला घेऊन मी मागे वळलो तो पडद्याआडून कोणी खेकसले, "मागे नाही, पुढे चला!" इतक्यात एक काळी आकृती अंगावर धावून आली. मी काय केले? मी हात सोडला आणि पळालो. उजेडात आल्यावर मागे पाहिले, तर बहीण नाही.

ती दोन-तीन मिनिटांनी बाहेर आली. कोणा अनोळखी बाईंनी तिला कडेवर घेतले होते. ती रडत नव्हती. तिचा आवाजच गेला होता. खिशात उरलेल्या पैशांतून मी तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि आईला सांगू नकोस म्हणून बजावले. तिने सांगितले नाही. परंतु पुढे कितीतरी महिने ती रात्री मला हलवून उठवी, कारण आमच्या इमारतीत गच्चीच्या टोकाशी असलेल्या संडासापर्यंत एकटीने जाण्याचे तिला धैर्य होत नसे. मी चिडे, कुरकुरे, पण जाई. आई म्हणे, "हिला एकाएकी कसले भय बसले कोण जाणे!" मला ते ठाऊक होते. मी बोललो नाही.

वाचकहो, तंबूतील भूत संकासुरापेक्षा अधिक भयंकर होते असे मला आता वाटत नाही. उलट आमचा संकासुरच अधिक उंच आणि अधिक काळा होता. फरक एवढाच की, शिमग्यात आजीने हात वर केला की असुर थांबे, आणि तंबूत थांबविण्याचा उपाय कोणाच्याच हाती नव्हता. शिमग्यात पळावयास सारे अंगण मोकळे होते, आणि तंबूत मागे फिरण्याची वाट नव्हती. वाट नसणे ही गोष्ट तर केवळ मनाशी निगडित नाही. सिडनीच्या लुना पार्कमध्ये ९ जून १९७९ रोजी भुतांच्या गाडीच्या खेळास आग लागून सहा मुले आणि एक प्रौढ अशी सात माणसे दगावली; न्यू जर्सीतील एका उद्यानात ११ मे १९८४ रोजी भुतांच्या वाड्यास आग लागून आठ तरुण मुलांचा धुरात अंत झाला. जेथे काळोख आणि वाकड्यातिकड्या वाटा मुद्दाम रचलेल्या असतात, तेथे बाहेर जाण्याची वाट सर्वांत आधी रचली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी निकाल दिला तो असा. मोठ्या मुलांसाठी भुतांचा खेळ अधिक भयंकर करावा, माझी हरकत नाही. पण तो निराळ्या वेळी आणि निराळ्या कुंपणात करावा, वयाची मर्यादा दारावर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती पाळावीही. ज्या वाटेने लहान मुले पाळण्याकडे जातात त्या वाटेवर भुते सोडू नयेत. कारण कुटुंबासाठी म्हणून ज्याने तिकीट विकले, त्याने त्या कुटुंबातील सर्वांत धाकट्या माणसासही काही वचन दिलेले असते. प्रत्येक वळणावर बाहेर पडण्याचे दार असावे, आणि "पुरे" असे कोणी म्हणताच भुताने मागे फिरावे. ज्या भुतास हे जमत नाही त्याने संकासुराकडे शिकवणीस जावे!

भाच्यास निकाल पसंत पडला, कारण त्याच्या मित्रांबरोबर जाण्याची त्यास परवानगी मिळाली. धाकटीसाठी आम्ही घरीच भोपळा कोरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे घारगे केले.

मुले निजल्यावर मी बहिणीस म्हणालो, "त्या जत्रेत मी तुझा हात सोडला. आजवर कधी बोललो नाही. माझे चुकले."

ती थोडा वेळ भोपळ्यातल्या पणतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, ते भूत कसे होते हे मला आता आठवतसुद्धा नाही. तुझी पाठ मात्र आठवते."

मी काय बोलणार? ती हसली आणि म्हणाली, "पण रात्री उठवल्यावर तू येत होतास, तेही आठवते."

बालमित्रहो, भीतीची मौज अवश्य घ्या. परंतु धाकट्या भावंडास घेऊन त्या दारात शिरलात, तर भूत कितीही भयंकर असो, हात सोडू नका. आणि वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती की, एखादे मूल एकाएकी काळोखास भिऊ लागले तर त्याच्यावर रागावू नये. ते कोणत्या तंबूतून आले आहे, हे एकदा मायेने विचारून पाहावे.