पोंभुर्ण्याहून हिजलीस

पोंभुर्णा हे आमचे गाव वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. चंद्रपूर जिल्ह्यात मूलच्या दक्षिणेस, साग आणि बांबू यांच्या रानाने वेढलेले, धानाच्या बांध्यांत वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. गावास आगगाडी नाही. मूलपर्यंत मोटारीने जावे लागते. रात्री दिवे मालवले म्हणजे येथील आकाश इतके स्वच्छ दिसते, की शहरातून आलेले पाहुणे अंगणात बाज टाकून मध्यरात्रीपर्यंत वर पाहत पडून राहतात. या आकाशाची आम्हांस कधी भीती वाटली नव्हती. ती एकदाच वाटली, आणि पुढील प्रवासाशी तिचा संबंध असल्याने ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

सन २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिलचा दिवस. गुढी उतरवून झाली होती. रात्री आकाशातून तांबूस ज्वाळांची एक रांग सरकत गेली आणि सारा गाव रस्त्यावर आला. कोणी धूमकेतू म्हणाले, कोणी विमान पेटले म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळले, की आमच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या खेड्यात, पुरुषाहूनही मोठ्या व्यासाचे एक धातूचे कडे आकाशातून येऊन पडले. ते चीन देशाच्या अग्निबाणाचे अवशेष असावेत असे जाणकारांनी ठरविले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. आमच्या पुतण्याने या प्रकारातील शास्त्र घरातील मंडळींस मोठ्या उत्साहाने समजावून दिले. नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्या थोरल्या आत्याबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “वर ज्यांनी ते सोडलं, त्यांना ठाऊक होतं का रे, खाली लाडबोरी आहे म्हणून?” पुतण्या हसला. आम्हीही हसलो.

पुढे याच मुलास खरगपूरच्या तंत्रविद्येच्या संस्थेत विमानविद्येच्या शाखेस प्रवेश मिळाला. त्यास पोहोचविण्याची कामगिरी साहजिकच आमच्याकडे आली. रोवण्यांचे दिवस होते. बांध्यांतून गुडघाभर चिखलात बाया ओळीने वाकलेल्या. दशम्यांचा डबा आणि आत्याबाईंनी दिलेली अंगाऱ्याची पुडी घेऊन आम्ही मूलला गाडीत बसलो. नागभीड, वडसा करीत ही गाडी गोंदियास जाते. पूर्वी या मार्गावर अरुंद रुळांची लहान गाडी होती व ती बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची होती. त्याच कंपनीचा मोठा कारखाना खरगपूरला. तेव्हा ज्या गावास आम्ही परमुलूख समजत होतो, त्याच्याशी आमच्या रानाचा संबंध फार जुना निघाला.

गोंदियास मुंबई-हावडा मार्ग लागतो. रायपूर, बिलासपूर ओलांडता रात्र पडली. पहाटे जाग आली तेव्हा टाटानगर मागे पडले होते आणि दोहों बाजूंस सालाची राने धावत होती. आमच्या सागाच्या रानासारखीच, परंतु माती अधिक तांबडी. इतक्यात पुतण्या खिडकीशी सरसावून म्हणाला, “काका, हे चाकुलिया!” स्थानक लहानसेच. परंतु २ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकेचे बी-२९ जातीचे पहिले प्रचंड बाँबफेकी विमान या देशात येऊन उतरले ते येथे. पाडव्याच्या त्या रात्रीची तारीखही हीच होती. योगायोगच, परंतु मन थोडे दचकले.

मुलास या विमानाची खडान्‌खडा माहिती. पंखांचा विस्तार १४१ फूट, चार एंजिने, माणसे अकरा. आतील हवा कोंडून दाब राखलेला, म्हणून तीस हजार फुटांवरही चालकास साध्या कपड्यांत बसता येई. एंजिने मात्र नवी आणि तापट. बंगालच्या उन्हाळ्यात ती वारंवार पेट घेत. शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच कित्येक विमाने आणि त्यांतील विशी-पंचविशीची पोरे नाहीशी झाली. चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी आणि खरगपूर असे हे तळ. प्रत्येकाची धावपट्टी लांबलचक. येथून अथवा येथून हिमालय ओलांडून चीनमधील चेंगडूमार्गे ही विमाने जपानवर व जपानने जिंकलेल्या मुलखावर जात. चेंगडूस लागणारे पेट्रोलदेखील हिमालयावरून विमानांनीच वाहून न्यावे लागे. एका स्वारीसाठी कित्येक खेपा!

खरगपूरचा फलाट एके काळी जगात सर्वांत लांब गणला जाई. सामान घेऊन चालताना त्याचा प्रत्यय आला. मुलाचे प्रवेशाचे सोपस्कार आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही हिजलीची जुनी इमारत पाहण्यास गेलो. मध्ये उंच मनोरा, दोहोंकडे पसरलेले पंख. ही वास्तू संस्थेच्या आवारातच आहे, आणि तिचा इतिहास असा आहे, की तो ऐकून मनुष्याने काही वेळ पायरीवर बसावे.

सन १९३० मध्ये इंग्रज सरकारने येथे राजबंद्यांसाठी तुरुंग केला. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे तरुण ठार झाले. त्यांचे देह नेण्यासाठी सुभाषबाबू स्वतः हिजलीस आले. निषेधाच्या सभेत रवींद्रनाथ बोलले. पुढे महायुद्धात हीच इमारत अमेरिकेच्या विसाव्या बाँबर कमांडचे मुख्य ठाणे झाली. १९५१ साली रीतसर उद्घाटन झालेल्या तंत्रविद्येच्या संस्थेचा संसारही येथेच थाटला गेला. बंदिशाळा, युद्धशाळा आणि विद्याशाळा, तिन्ही एकाच छपराखाली!

याच ठाण्याच्या हुकमाने ५ जून १९४४ रोजी या विमानांची पहिली स्वारी निघाली. लक्ष्य होते बँकॉकचे मक्कासान रेल्वेआवार. ९८ विमाने पहाटे उडाली, भर दिवसा ७७ लक्ष्यापर्यंत पोहोचली. दिवसा जाण्याचे कारण हे, की डोळ्यांनी लक्ष्य पाहून अचूक नेम साधावा आणि बाकीच्यांस धक्का लागू नये, असे अमेरिकन सेनापतींचे युद्धशास्त्र होते. प्रत्यक्षात ढग आडवे आले आणि आवारात पडलेल्या बाँबांची संख्या वीसदेखील भरली नाही. उरलेले इतरत्र पडले. ‘इतरत्र’ हा शब्द लिहिण्यास फार सोपा आहे.

दुसरी गोष्ट सिंगापूरची. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी ७६ विमाने जाऊन-येऊन सुमारे चार हजार मैलांच्या प्रवासास निघाली आणि पन्नासांवर सकाळच्या उजेडात सिंगापूरवर पोहोचली. त्या दिवशी नेम उत्कृष्ट साधला. जपानी आरमाराच्या उपयोगाची मोठी सुकी गोदी तीन महिने निकामी झाली. युद्धाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद होते, आणि जपान्यांच्या अमलाखाली त्या प्रदेशाने जे सोसले ते ध्यानात घेता ती गोदी मोडणे अवश्य होते हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु गोदीचा दरवाजा फुटून समुद्राचे पाणी आत घुसले, तेव्हा तळाशी कामावर असलेले तेथील मजूर वर येऊ शकले नाहीत. म्हणजे नेम चुकला तर ‘इतरत्र’ची माणसे, आणि नेम लागला तर कामावरची माणसे!

आणखी एक गोष्ट मनास लागून राहिली. ज्या सिंगापुरात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी आझाद हिंदचे हंगामी सरकार घोषित केले, त्याच सिंगापूरवर पुढील वर्षी स्वारी ठरली ती हिजलीच्या या इमारतीत, जेथे तेरा वर्षांपूर्वी ते दोन मृतदेह नेण्यास आले होते. हे कोणी योजून केले नव्हते. इमारतींस स्मरण नसते; ते माणसांनीच ठेवावयाचे असते.

त्या युद्धात आपण केवळ प्रेक्षक होतो, असे आपल्याकडे पुष्कळांस वाटते. आमच्या चांदा जिल्ह्याच्या आठवणीत तर युद्ध म्हणजे ऑगस्ट १९४२ मधील चिमूरचा उठाव, त्यामागून आलेले लष्कर आणि रॉकेलची टंचाई. परंतु या धावपट्ट्यांची खडी फोडली ती आपल्याच माणसांनी. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूर जिल्ह्यास वादळाने झोडपले, १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्यामागोमाग या जिल्ह्यात हजारो मजूर दगड फोडावयास आणि टोपल्या वाहावयास लागले. ज्यास पोटास हवे त्याने ही धावपट्टी कशासाठी हे का विचारावे?

दिवसाच्या अचूक नेमाचे ते युद्धशास्त्रही टिकले नाही. हिजलीस काही महिने अधिकारावर असलेले सेनापती कर्टिस लमे यांच्या विमानांनी १८ डिसेंबर १९४४ रोजी चीनमधील हँकौ शहरावर आग लावणारे बाँब टाकले. पुढे १९४५ च्या मार्चमध्ये पॅसिफिक बेटांवरून निघालेल्या त्यांच्याच विमानांनी टोकियो एका रात्रीत जाळले. सुमारे एक लाख माणसे मेली. खालचे नीट दिसावे म्हणून दिवसा निघालेले युद्ध शेवटी काहीच पाहण्याची गरज नाही येथवर आले. आणि आकाश कोणा एकाच्या मालकीचे नसते हेही येथल्या मातीने अनुभवले: ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी विमानांनी जवळच्याच कलाईकुंडा तळावर दिवसाउजेडी हल्ला केला.

परतताना पुतण्या फाटकापर्यंत आला. नेहमी बडबडा असलेला तो मुलगा गप्प होता. शेवटी म्हणाला, “काका, आत्याआजीनं विचारलं होतं ते इथे अभ्यासक्रमात नसणार.” आम्ही म्हटले, “मग ते तूच घेऊन आलास असे समज.” याहून शहाणपणाचे काही आम्हांस सुचले नाही.

घरी आल्यावर रात्री अंगणात सर्व हकीकत सांगितली. आत्याबाईंनी एवढेच विचारले, “त्या गोदीतल्यांची नावं कुठे लिहून ठेवली आहेत का?” आम्हांस कोठे आढळली नाहीत, असे आम्ही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत.

भाद्रपदात सर्वपित्री अमावास्येस आम्ही तर्पणास बसलो. आपल्या पितरांची नावे उच्चारून झाल्यावर, ज्यांना पाणी देणारे कोणी नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. आजवर ती ओंजळ आम्ही ओघाओघाने सोडीत आलो. त्या दिवशी आत्याबाई काठी टेकीत ओसरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “सावकाश सोड. त्यात ते गोदीतले धर, ते बँकॉकचे धर. आणि ती जळालेल्या विमानांतली पोरंही धर. त्यांच्याही आया होत्याच की.”

ओंजळ आम्ही सावकाश सोडली. वर आकाश निरभ्र होते.